जुन्या पिकअपमध्ये जादा मीटर कुठे बसवावेत?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : आपल्याकडे सुमारे वीस वर्षे जुनी, टर्बो नसलेली टाटा २०७ आहे. हंगामात आपण पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो भरून रात्री वाशीच्या बाजाराकडे निघता आणि परतताना खते किंवा मिळेल तो माल घेऊन कसारा घाट चढता. मूळ मीटर-पॅनलमध्ये पाण्याच्या तापमानाचा काटा आहे, पण त्यावर अंक नाहीत. तेलाचा दाब आणि चार्जिंग यांसाठी फक्त लाल दिवे आहेत. तेलदाब, तापमान आणि व्होल्टेज यांचे ५२ मिलिमीटरचे तीन मीटर आपण आणून ठेवले आहेत आणि डॅशबोर्ड न कापता ते कुठे बसवता येतील, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. तेलदाबाचा मीटर मुख्य मीटर-पॅनलच्या शेजारी, रस्त्यावरून नजर फारशी न हलवता दिसेल असा एकटा बसवावा. तापमान आणि व्होल्टेज हे दोन मीटर रेडिओच्या रिकाम्या जागेत बसवावेत. तिन्ही मीटर एका रांगेत असले की देखणे दिसतात, म्हणून बहुतेक जण तसाच आग्रह धरतात; पण मीटरची जागा ठरवताना आधी नजर, मग मागची मोकळी खोली आणि शेवटी शोभा, हा क्रम मी सोडत नाही.

नजरेला पहिले स्थान देण्याचे कारण असे की, ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. गिअरच्या दांड्याजवळ खाली बसवलेला मीटर वाचायला मान वाकवावी लागते, डोळ्यांना जवळचे अंतर साधावे लागते आणि पुन्हा रस्त्यावर यावे लागते. यात एक सेकंद सहज जातो. घाटातल्या वळणावर एवढा वेळ कोणीही देत नाही, म्हणजे जिथे मीटर पाहायला हवा तिथेच तो पाहिला जात नाही. म्हणून तिन्ही मीटरना समान मानू नये. तेलाचा दाब गेला तर बेअरिंग आणि क्रँक यांच्याकडे काही सेकंदच असतात. पाणी तापते तेव्हा काही मिनिटे मिळतात. चार्जिंग बंद पडले तर दिवसा बॅटरीवर गाडी बरीच पुढे जाते. ज्याच्यासाठी सर्वांत कमी वेळ हाताशी असतो, तो मीटर डोळ्यांच्या सर्वांत जवळ असावा.

तेलदाबाच्या बाबतीत मूळ लाल दिव्यावर विसंबू नये, हे आपण बरोबर ओळखले आहे. त्या दिव्याचा स्विच साधारणपणे ०.३ ते ०.५ बार (बार हे दाबाचे एकक) इतका कमी दाब झाल्यावरच दिवा लावतो, आणि भरल्या गाडीच्या इंजिनाला चालू वेगात एवढा दाब मुळीच पुरत नाही. तरीही तो दिवा काढून टाकू नका. मीटर आपणहून हाक मारत नाही, तो पाहावा लागतो. दिवा मात्र नजर दुसरीकडे असतानाही डोळ्यांत भरतो. मीटर आणि दिवा दोन्ही चालू राहतील अशीच जोडणी करावी.

आता गाडीतल्या जागा एकेक पाहू. मुख्य पॅनल आणि उजव्या दाराचा खांब यांच्यामध्ये डॅशबोर्डची जी पट्टी असते, ती तेलदाबाच्या मीटरसाठी मला सर्वांत योग्य वाटते. पॅनलभोवतीचे आवरण ज्या स्क्रूंनी धरलेले असते, त्यांपैकीच एक-दोन स्क्रूंखाली दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा छोटा कोन पकडवता येतो, म्हणजे नवे भोक पाडावे लागत नाही आणि उद्या गाडी विकायची झाली तर सगळे मूळ स्थितीत आणता येते. पत्रा याहून पातळ घेतला तर डिझेल इंजिनाच्या थरथराटाने मीटर नाचतो आणि काटा वाचता येत नाही. मीटर सरळ मागे न ठेवता चालकाच्या डोळ्यांकडे किंचित वळवावा. तिरके पाहिले की काटा आणि अंक यांच्यामधल्या अंतरामुळे वाचन चुकते.

त्या पट्टीवर हवेचे तोंड असेल किंवा स्टिअरिंगचे चाक आड येत असेल, तर स्टिअरिंग कॉलमच्या आवरणावर रबर लावलेल्या क्लॅम्पने एक मीटर बसवता येतो. कॉलमला भोक कधीही पाडू नये. क्लॅम्प बसवल्यावर चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून आणि वायपर-इंडिकेटरच्या दांड्या चारही दिशांना हलवून कुठे काही अडकत नाही ना, हे पाहावे.

पुढच्या काचेच्या खांबावर मीटर लावण्याची पद्धत मुंबई-पुण्याकडच्या हौशी गाड्यांमधून आपल्याकडे आली आहे. आपल्या कामासाठी ती मी सुचवत नाही. हा खांब मुळातच दृष्टीआड करणारा असतो. वळणावर किंवा चौकात एखादी दुचाकी त्याच्या मागे पूर्ण लपते. तिथे आणखी साठ मिलिमीटर रुंदीचा अडथळा उभा करणे धोक्याचे आहे. शिवाय खांबाच्या पत्र्याला भोक पाडले की पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो, आणि तो आत असल्यामुळे दिसायला वर्षे लागतात.

डॅशबोर्डच्या माथ्यावरची जागा दिसायला उत्तम, पण रात्रीसाठी वाईट आहे. वाशीचा बाजार पहाटे भरतो, त्यामुळे आपण घाट उतरता तो रात्रीच; आणि माथ्यावरच्या मीटरचा उजेड पुढच्या काचेत उमटून नेमका समोरच्या रस्त्यावर तरंगतो. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दुहेरी चिकटपट्टीचा चिकटपणाही टिकत नाही. बहुतेक पिकअपमध्ये माथ्यावर देवाची मूर्ती असते आणि तिला हार असतो. ती जागा देवाचीच राहू द्यावी, कारण हार सुटला की तो मीटरवरच येतो आणि चालक गाडी चालवता चालवता तो सारायला हात पुढे करतो.

डॅशबोर्डच्या खालच्या कडेला पट्टी लटकवून त्यात तिन्ही मीटर बसवणे सर्वांत सोपे असते. दुकानात तयार पट्ट्याही मिळतात. चालकाच्या बाजूला ही पट्टी गुडघ्यासमोर येते, आणि अपघातात किंवा जोरदार ब्रेक लागला तर तिची धार थेट गुडघ्यात बसते. मध्यभागी लावायची असेल तर गाडी उभी करून पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि रिव्हर्स असे सर्व गिअर टाकून पाहावेत. जुन्या गाड्यांत गिअरचा दांडा लांब असतो आणि पहिल्या किंवा तिसऱ्या गिअरला मूठ डॅशबोर्डच्या अगदी जवळ येते. छतालगतची जागा घड्याळासाठी ठीक आहे, इंजिनाच्या मीटरसाठी नाही.

राहिली रेडिओची जागा. जुन्या पिकअपमध्ये टेप बंद पडलेला असतो किंवा काढून टाकलेला असतो आणि गाणी मोबाइलवर ऐकली जातात, म्हणून ही जागा बहुधा मोकळीच सापडते. प्रमाणित खाच सुमारे १८२ मिलिमीटर रुंद आणि ५३ मिलिमीटर उंच असते. ५२ मिलिमीटरच्या मीटरचे अंग त्यात जेमतेम मावते, पण त्याची कडी मोठी असल्यामुळे ती बाहेर राहते. म्हणून खाचेवर दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची पट्टी झाकून तिच्यात मीटर बसवावेत आणि पट्टी रेडिओच्या मूळ पकडीलाच आवळावी. रुंदीत तीन मीटर मावतात. आपण दोनच बसवणार असल्याने उरलेल्या जागेत मोबाइलच्या चार्जिंगचे सॉकेट किंवा तेलदाबाचा मोठा लाल दिवा घालता येईल.

पट्टीत गोल कापायला होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) वापरावा, ड्रिलचा वेग कमी ठेवावा आणि पट्टीखाली लाकडाचा तुकडा घ्यावा. जिगसॉने किंवा भोकांची माळ पाडून गोल कापला की कड वाकडीतिकडी होते आणि मीटरची कडी ती पूर्ण झाकत नाही. कापण्याआधी मात्र खाचेत हात घालून मागची खोली मोजा. मीटरचे अंग चाळीस ते साठ मिलिमीटर असते, त्यामागे टर्मिनल आणि वळणाऱ्या वायरी येतात. एकूण शंभर मिलिमीटर मोकळी जागा मिळाली तर काम सुखाने होते. तिथे हवेची नळी, वायपरची जोडणी किंवा मूळ वायरिंगचा जुडगा असेल, तर तो सरकवता येतो की नाही हे आधी ठरवावे, पट्टी कापल्यावर नव्हे.

जागा पक्की करण्यापूर्वी एक साधी चाचणी प्रत्येकाने करावी, असा माझा आग्रह आहे. जाड पुठ्ठ्याच्या साठ मिलिमीटरच्या चकत्या कापा, त्यांवर काळ्या पेनाने काटा आणि अंक काढा आणि कागदी चिकटपट्टीने त्या ठरवलेल्या जागी लावा. मग सीटवर नेहमी बसता तसे बसा, पाठ टेकवा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि चाक सरळ असताना चकती पूर्ण दिसते का ते पाहा. आरे आणि हॉर्नचे बटण नेमके आड येतात. त्याच चकत्या लावून वाशीची एक खेप करा. रात्री दिव्यांच्या उजेडात, पहाटे आणि परतीच्या उन्हात त्या जागेकडे नजर सहज जाते की मुद्दाम न्यावी लागते, हे एका खेपेत कळते. नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या गॅरेजमध्ये जागा बदलायला येणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेक गाड्यांत मीटर आधी उभ्या गाडीत, उभे राहून बघून लावलेले असतात.

मीटर बसवताना तो फिरवून घ्यावा, म्हणजे इंजिन गरम होऊन व्यवस्थित चालत असताना काटा सरळ वर, बारा वाजल्याच्या दिशेला राहील. अंक तिरके दिसतील, त्याने काही बिघडत नाही. शर्यतीच्या गाड्यांतली ही जुनी रीत आहे आणि घाटासाठी ती फार उपयोगी आहे, कारण अंक वाचण्याची गरजच राहत नाही. काटा वर आहे की कलला आहे एवढे डोळ्याच्या कडेनेही समजते.

जागेइतकेच महत्त्व मीटरपर्यंत काय आणले जाते याला आहे. तेलदाबाचे मीटर दोन प्रकारचे असतात. एकात इंजिनापासून बारीक नळीने प्रत्यक्ष तेल मीटरपर्यंत येते, दुसऱ्यात इंजिनावर सेंडर, म्हणजे दाब मोजून विजेचा संकेत पाठवणारा भाग, बसतो आणि केबिनमध्ये फक्त वायर येते. आपल्याकडचा पहिल्या प्रकारचा असेल तर तो परत करून दुसरा घ्यावा. आमच्याकडे आलेल्या एका गाडीत नायलॉनची नळी क्लचच्या पेडलजवळच्या पत्र्याला घासून झिजली होती. रबरी मॅट उचलली तेव्हा खाली काळे तेल साचलेले होते आणि पेडलचे रबर गुळगुळीत झाले होते. गरम तेल चालकाच्या पायावर उडणे आणि त्याच वेळी पेडलवरून पाय घसरणे, हे घाटात घडले तर काय होईल याची कल्पना करणेही नको. तापमानाचा मीटर नळीवाला असेल तर त्या नळीत बंदिस्त द्रव किंवा वायू असतो. ती कापता येत नाही, वाढवता येत नाही आणि कडक वळवली तर मीटरच जातो. तिची लांबी जिथपर्यंत पुरते तिथेच मीटर बसवावा लागतो. जागा निवडण्याचे स्वातंत्र्य हवे असेल तर विजेवर चालणारे मीटरच घ्यावेत.

मीटर आणि सेंडर एकाच संचातले असावेत. काही मीटर १० ते १८० ओहमच्या सेंडरवर चालतात, अमेरिकी पद्धतीचे २४० ते ३३ ओहमच्या सेंडरवर. दोन्हींची सरमिसळ केली तर काटा उलटा फिरतो किंवा भलतेच सांगतो. मूळ तापमानाच्या सेंडरवरून दुसऱ्या मीटरला फाटा देण्याचा मोह टाळावा. दोन्ही मीटर एकाच सेंडरवर आले की दोन्ही चुकतात.

तेलदाबाचा सेंडर जिथे मूळ स्विच आहे तिथेच टी (तीन तोंडांचा जोड) जोडून बसवतात. या ठिकाणी सर्वांत जास्त चूक होते. सेंडर लहान डबीएवढा आणि जड असतो. तो पितळी टीवर, टी पितळी निपलवर (आटे असलेल्या आखूड नळीवर) आणि निपल इंजिनाच्या ब्लॉकवर असा उभा राहिला की डिझेलच्या धक्क्यांनी काही महिन्यांत निपल आट्यांपाशी तडकतो. मग मीटरमुळेच तेल जाते. म्हणून ब्लॉकपासून तेलाला चालणारा वेणीचा छोटा होज घ्यावा आणि टी व सेंडर दोन्ही जवळच्या पत्र्यावर किंवा शासीवर घट्ट क्लॅम्प करावेत. आटे जुळत नसतील तर ठोकून-आवळून बसवू नका. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर अ‍ॅडॅप्टर करून देणारे टर्नर जागोजागी आहेत. जुना स्विच आणि नवा सेंडर दोन्ही नमुन्यासाठी सोबत न्यावेत. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग आट्यांतूनच मिळते, म्हणून तिथे टेफ्लॉन टेपचे थरावर थर गुंडाळू नयेत, आणि सेंडर होजने दूर नेला असेल तर त्याच्या अंगाला वेगळी अर्थ वायर द्यावी.

तापमानाच्या सेंडरसाठी रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये बसणारा ॲल्युमिनियमचा तुकडा बाजारात मिळतो. तो सोपा आहे, पण त्याची एक मर्यादा समजून घ्या : होज फुटून पाणी निघून गेले की सेंडर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येतो. सिलिंडर हेडमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या घरात मोकळे बूच असेल तर सेंडर तिथेच लावावा. तरीही, चढावर काटा अकारण झपाट्याने खाली आला तर दिलासा न मानता गाडी थांबवावी.

व्होल्टमीटरला अनेक जण शोभेचा मानतात. जुन्या जीपगाड्यांत त्याच्या जागी ॲमीटर असे, ज्यातून चार्जिंगचा सगळा प्रवाह जाड वायरीने केबिनमध्ये येत असे आणि टर्मिनल सैल झाले की तिथेच जळण्याचा धोका असे. व्होल्टमीटरला असा धोका नाही. इंजिन बंद असताना सुमारे १२.६, चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळते आहे. पण आपल्यासाठी त्याचा खरा उपयोग अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) फिरवणारा इंजिनाचा पट्टा तुटल्याचे कळण्यासाठी आहे. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीलाच ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप असतो आणि पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. पट्टा तुटला की व्होल्टेज लगेच १२ च्या आसपास उतरते, पाणी तापायला नंतर वेळ लागतो, आणि मधल्या काळात ब्रेक जड होत जातो. इगतपुरीकडून भरली गाडी कसाऱ्याला उतरत असताना हे आधी कळणे फार मोलाचे आहे. आपल्या गाडीचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरवर असेल आणि डोळ्यांसमोर दोन मीटरची जागा निघत असेल, तर दुसरा मीटर व्होल्टेजचा ठेवा.

वायरिंगबद्दल थोडक्यात. चावी लावल्यावरच वीज येईल अशा ठिकाणाहून पुरवठा घ्या, सुरुवातीलाच तीन ते पाच ॲम्पिअरचा फ्यूज घाला आणि ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर वापरा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर रबरी ग्रोमेटमधूनच (भोकाच्या कडेला बसणाऱ्या रबरी कड्यातूनच) न्यावी. ती एक्झॉस्ट, ॲक्सिलरेटरची केबल आणि पेडल यांच्यापासून लांब बांधावी. मीटरचा उजेड पार्किंगच्या दिव्यांबरोबर लागावा. निळे, झगझगीत एलईडी टाळावेत, रात्री ते डोळे दिपवतात; मंद पिवळसर किंवा तांबूस उजेड बरा. मूळ स्पीडोमीटर आणि मूळ इशारा-दिवे झाकले जाणार नाहीत आणि चालू राहतील, हे फिटनेस तपासणीसाठीही आवश्यक आहे.

सगळे बसवून झाल्यावर पहिल्या खेपेत आकडे लिहून ठेवा : गरम इंजिन मोकळे फिरत असताना तेलदाब किती, टॉप गिअरमध्ये रस्त्यावर किती, माल भरून घाट चढताना शेवटच्या वळणावर तापमान कुठपर्यंत गेले. सर्वसाधारणपणे गरम इंजिनाला मोकळे फिरताना एक बारच्या आसपास आणि रस्त्यावर तीन ते चार बार दाब असावा, तापमान ८० ते ९५ अंशांत राहावे. १०५ ओलांडले तर थांबावे. तरीही प्रत्येक जुन्या इंजिनाची स्वतःची सवय असते, आणि आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा कळला की त्यापासून झालेला फरक हाच खरा इशारा ठरतो. ती खेप करून परत आलात की इंजिन गार झाल्यावर टी, होज आणि क्लॅम्प यांचे नट पुन्हा एकदा आवळा आणि सेंडरच्या बुडाशी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा डाग येतो का ते पाहा.